भोगवर्धनचा दंतकार

दाव्हिद ल मार्शां या फ्रेंच माणसाचं चरित्र लिहायला बसलं तर कागदपत्रांची फारशी वानवा भासत नाही. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर दिएप नावाचं बंदर आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून येणारे हस्तिदंत तिथं उतरत, आणि म्हणून हस्तिदंतावर कोरीवकाम करणाऱ्यांची घरंच्या घरं त्या गावात नांदत होती. दाव्हिद तिथं १६७४ साली जन्मला. वडील चित्रकार. कुटुंब प्रोटेस्टंट पंथाचं. चौदाव्या लुईनं १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांना दिलेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि हजारो कारागीर देश सोडून निघाले, त्यांत हाही गेला. १६९६ मध्ये तो एडिंबरात दिसतो. गरीब नागरिकांच्या मुलांना हाताखाली घेऊन कला शिकवायची, या अटीवर तिथल्या नगरसभेनं त्याला काम करायची परवानगी दिली. पुढं लंडन. तिथं त्यानं आयझॅक न्यूटनला समोर पाहून हस्तिदंतात कोरलं. १७१८ सालचा तो अर्धपुतळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १७२६ मध्ये तो वारला. जन्मगाव, बापाचा धंदा, परागंदा होण्याचं कारण, गिऱ्हाइकं, मृत्यूचं वर्ष, सगळं हाताशी आहे.

महाराष्ट्रातही एक हस्तिदंती शिल्पकार होऊन गेला. एक म्हणण्यापेक्षा अनेक. त्यांचं काम ल मार्शांच्या सोळाशे वर्षं आधीचं आहे आणि कसबाच्या दृष्टीनं त्याच्यापुढं उभं राहील असं आहे. त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. तरीही त्यांचं चरित्र लिहिता येतं, असं माझं ठाम मत आहे. फक्त ते कागदांतून न लिहिता दातातून, दगडातून आणि जमिनीतून लिहावं लागतं.

त्याची सुरुवात इटलीत होते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पाँपेई हे भरलं शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली पुरातत्त्वज्ञ आमेदेओ माइउरी त्या शहरातल्या एका हमरस्त्यालगतचं घर खोदत होते. तिथं त्यांना हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती तुकड्यांच्या रूपात मिळाली. जोडल्यावर उंची भरली साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. मूर्ती रोमन नव्हती, ग्रीकही नव्हती. माइउरींनी ती भारतीय म्हणून ओळखली, लक्ष्मी म्हणून तिचं नाव रूढ झालं, आणि त्या घरालाच भारतीय मूर्तीचं घर असं नाव पडलं. ती खरंच लक्ष्मी आहे का, यावर पुढं बरीच चर्चा झाली. हातात कमळ नाही, अभिषेक करणारे हत्ती नाहीत, म्हणून बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात.

मूर्ती नीट पाहिली की आधी दागिने दिसतात. हातभर बांगड्या, पायांत घोट्यापासून वर पोटऱ्यांपर्यंत चढत गेलेले वाळे, गळ्यात भरगच्च हार, कमरेला मेखला. अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीच. बंजारा बायांच्या अंगावरचे दागिने ज्यांनी पाहिलेत त्यांना ही स्त्री परकी वाटणार नाही. पाय एकमेकांवर टाकून ती जराशी कलून उभी आहे. दोन्ही बाजूंना कमरेच्याही खाली येणाऱ्या दोन चिमुकल्या दासी प्रसाधनाची पात्रं धरून बाहेरच्या बाजूला तोंड करून उभ्या आहेत. मागून पाहिलं तर पाठीवर रुळणारा केसांचा लांब शेपटा आहे. मूर्तीची मागची बाजू पुढच्याइतक्याच मन लावून कोरलेली आहे. डोक्यावरून खाली जाणारं एक भोक आहे. म्हणजे वर काहीतरी बसवलेलं होतं आणि ही एकटी उभी करायची मूर्ती नव्हती. कुणी म्हणतं ती आरशाची मूठ, कुणी म्हणतं तीन पायांच्या छोट्या मेजाचा एक पाय.

आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात, कामुक वस्तूंसाठी राखून ठेवलेल्या दालनात असते. मला हे पटत नाही. घडवणाऱ्यानं तिच्यात संपन्न घर, शृंगार आणि सुफलता पाहिली होती. ती अंगभर कपडे ल्यालेली नाही एवढ्यावरून तिला त्या दालनात ठेवणं म्हणजे कार्ल्याच्या आणि सांचीच्या बायकांनाही तिथंच नेऊन बसवण्यासारखं आहे.

ती कुठं घडली? सुरुवातीला मथुरेचं नाव पुढं आलं. बरीच वर्षं तेच चाललं. मग उत्तर अनपेक्षितपणे मराठवाड्यातून आलं.

जालना जिल्ह्यात केळणा नदीच्या काठी भोकरदन आहे. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला पैठणची वाट. या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांची जी नावं दगडावर कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. इतक्या लांब दान पाठवण्याइतका पैसा त्या गावात होता. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते हे त्याचे प्रमुख, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा अहवाल छापून आला. पांढरीतून सातवाहनकाळाचे थर निघाले, आणि त्यांत हस्तिदंताचं मोडकं स्त्रीशिल्प. तीच धाटणी. मधे मोठी स्त्री, बाजूला लहानग्या दासी, पायांत तसेच वाळे. पाँपेईच्या बाईची सख्खी बहीण जमिनीतून वर आली होती.

त्याआधी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरनं एक पुरावा दिला होता. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर, आणि त्याहीआधी ग्रीक व्यापाऱ्यांच्या लेखनातलं तगर. ही ओळख १९०१ साली फ्लीट यांनी पटवली. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या, आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाचे संचालक मोतीचंद्र यांनी १९६० मध्ये त्या मूर्तीवर लेख लिहिला आणि जाणकारांचं लक्ष तेरकडे वळलं. तिच्याही डोक्यात भोक आहे.

एक तेरला, दुसरी भोकरदनला, तिसरी पाँपेईत. पाँपेईची मूर्ती भोकरदनच्याच कर्मशाळेतून गेली असं आज बरेच जण मानतात. हे अनुमान आहे, शिक्कामोर्तब नव्हे. पण अनुमान भक्कम आहे, कारण सारखेपणा नुसत्या विषयात नाही. बाई आणि दासी हा विषय कुठलाही कारागीर घेऊ शकला असता. सारखेपणा आहे तो मोठ्या आकृतीला लहान आकृती कशा चिकटवायच्या, पाय कसे तिढ्यात घ्यायचे, दागिन्यांचे पदर कसे मोजून बसवायचे, या हाताच्या सवयींत. अशी सवय शिकवल्याशिवाय येत नाही. एकाच परंपरेत शिकलेले हात यामागं आहेत.

आता त्या हातांकडे वळू. त्यांच्यासमोर काय होतं? हत्तीचा सुळा.

सुळा म्हणजे हत्तीचा वरचा पुढचा दात, जन्मभर वाढत राहणारा. आशियाई हत्तींत मोठे सुळे फक्त नरालाच येतात. माद्यांचे दिसलेच तर अगदी आखूड असतात. आफ्रिकेत मात्र नर-माद्या दोघांनाही मोठे सुळे असतात. म्हणजे भारतीय दंतकाराचा माल मुळातच दुर्मीळ होता. सुळ्याचा जबड्याकडचा बराच भाग पोकळ असतो, आत मऊ गर असतो. भरीव असतो तो टोकाकडचा भाग. पोकळ भागाच्या चकत्या काढल्या की बांगड्या होतात, त्याच्या भिंतीच्या पट्ट्या काढल्या की पेट्यांवर जडवायला फळ्या मिळतात. मूर्ती करायची तर भरीव टोकच लागतं. पाँपेईच्या मूर्तीसाठी वीतभर लांबीचा निर्दोष भरीव तुकडा हवा होता. कर्मशाळेत येणाऱ्या प्रत्येक सुळ्यातून असा तुकडा एखादाच निघायचा. तो मिळाल्यावर तो कुणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न मालकापुढं नक्की येत असेल. शिकाऊ पोराच्या हातात तो खास पडत नसणार.

सुळे आले कुठून? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तींच्या प्रदेशांची प्रतवारी आहे. कलिंग आणि अंगाचे हत्ती उत्तम, सौराष्ट्राचे कनिष्ठ, आणि मधल्या प्रतीत दशार्णाबरोबर अपरांताचं नाव आहे. अपरांत म्हणजे आपलं कोकण. ठाणे, रायगड, आजची नवी मुंबई हे सगळं त्यात आलं. ज्या डोंगरउतारांवर आज पनवेल-खारघरच्या इमारती चढताहेत, त्या मुलखातल्या जंगलांत एके काळी पकडण्याजोगे हत्ती होते, असं राज्यकारभाराचा ग्रंथ सांगतो.

तोच ग्रंथ हत्ती मारणाऱ्याला देहान्त शिक्षा फर्मावतो. पण आपोआप मेलेल्या हत्तीचे दोन्ही सुळे जो आणून देईल त्याला त्या काळच्या नाण्यात सव्वाचार पण बक्षीस. हत्ती सैन्याचा कणा असल्यामुळं त्याचा जीव राजाच्या मालकीचा होता. आणखी एक तपशील मला विशेष वाटतो. पाळीव हत्तीचे सुळे कापायचे तर मुळाशी असलेल्या घेराच्या दुप्पट लांबी सोडून पुढचाच भाग कापावा, नदीकाठच्या हत्तीचा दर अडीच वर्षांनी आणि डोंगरी हत्तीचा दर पाच वर्षांनी, असं तिथं सांगितलं आहे. दोन पट घेर का? कारण तेवढा भाग सोडला की आतला जिवंत गर सुरक्षित राहतो, हत्तीला इजा होत नाही, सुळा पुन्हा वाढतो. सुळ्याची अंतर्रचना ज्यांना आतून-बाहेरून ठाऊक होती त्यांनी हा नियम बांधला. दंतकाराला मिळणाऱ्या मालात असे कापलेले तुकडेही असणार, आणि कापलेला तुकडा म्हणजे टोक, म्हणजे नेमका भरीव भाग.

हस्तिदंत लाकडासारखा एकाच दिशेनं फाटत नाही आणि दगडासारखा ठिसूळ नाही. त्यात तंतू आडवेतिडवे विणल्यागत असतात. आडवा छेद घेतला की एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची नक्षी दिसते, आणि तीच नक्षी आज खरा हस्तिदंत ओळखायला तपासनीस वापरतात. या विणीमुळं हस्तिदंत केसाइतकी बारीक रेघ धरतो. बाईच्या प्रत्येक बांगडीची कड वेगळी दिसते ती त्यामुळं. पण उन्हात, कोरड्या हवेत तो तडकतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काम करणाऱ्याला हे रोज सांभाळावं लागत असणार.

करवतीनं तुकडा कापायचा, पटाशीनं आणि कानशीनं ढोबळ आकार काढायचा, सामत्यानं भोकं पाडायची, टोकदार छिन्नीनं दागिने उठवायचे, मग बारीक भुकटीनं घासून घासून झिलई. मधे कुठंही चूक झाली तर परत नाही. मातीची मूर्ती बिघडली तर लगदा करून पुन्हा घडवता येते, ओतकामात धातू वितळवता येतो. इथं निघालेला कीस निघाला.

सुळ्यानं शिल्पकाराला काय करायला लावलं ते पाहण्यासारखं आहे. तुकडा गोल, निमुळता, अरुंद. त्यामुळं हात पसरता येत नाहीत, ते अंगालगत ठेवावे लागतात किंवा कोपरात दुमडून वर न्यावे लागतात. मोठ्या आकृतीच्या बाजूला उरते ती जेमतेम बोटभर जागा, म्हणून दासी चिमुकल्या. तेराव्या शतकात पॅरिसच्या राजवाड्यातल्या प्रार्थनाघरासाठी कोरलेली मेरीची हस्तिदंती मूर्ती लूव्रमध्ये आहे. ती कमरेत जराशी वाकलेली आहे, आणि अशा वाकण्यामागं सुळ्याचा बाकही असतो, असं अभ्यासक सांगतात. आपल्या दंतकारानं काय केलं? मुळात आपल्याकडं उभ्या स्त्रीची रीतच अंग तीन ठिकाणी मोडून उभं राहण्याची. सुळ्याचा बाक आणि ही रीत दोन्ही एकमेकांना मिळाली. पाय एकमेकांवर टाकल्यानं तळाशी आकृती निमुळती होते, पण दासींनी ती उणीव भरून काढली आणि तळ पुन्हा रुंद, भक्कम झाला. वर भार पेलायचा तर तळ असा भक्कमच हवा. आरशाची मूठ असो की मेजाचा पाय, त्या दासी शोभेइतक्याच आधारासाठीही तिथं आहेत. ही हुशारी ज्याची होती, त्याला नुसता कारागीर म्हणून बाजूला सारायला माझं मन घेत नाही.

हस्तिदंती कामाचा दगडाशी काय संबंध, हे सांचीत लिहून ठेवलं आहे. तिथल्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणाच्या खांबावर एक ओळीचा लेख आहे. विदिशेच्या दंतकारांनी हे कोरीवकाम केलं, असा त्याचा अर्थ. त्याच तोरणावर दुसरा लेख आहे, सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख असलेल्या वासिष्ठीपुत्र आनंदाच्या दानाचा. म्हणजे सातवाहनांच्या काळात हस्तिदंताचे कारागीर संघटित होते, दगडावरही काम करत होते आणि ते अभिमानानं कोरून ठेवत होते. सांचीच्या तोरणावरच्या गर्दीत एकही जागा रिकामी का नाही, याचं उत्तर मला इथं सापडतं. ज्यांना बोटभर जागेत दासी उभी करायची सवय होती, त्यांनी तोरण कोरलं.

दंतकार एकटा नव्हता. त्याच्या काळातल्या कारागिरांच्या संघटनांची माहिती लेण्यांतल्या लेखांतून मिळते. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी होत्या. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात यानं गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजानं आणि दुसरीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजानं ठेवल्याचं लिहिलं आहे. ठेवी घेणारी, पिढ्यान्‌पिढ्या व्याज देण्याची हमी देणारी संस्था म्हणजे विणकरांची जमात! राजाचा जावई त्यांच्यावर विश्वास टाकतो, यावरून कारागिरांची पत काय होती ते कळतं. भोगवर्धनच्या दंतकारांची अशी श्रेणी असल्याचा लेख मिळालेला नाही. पण जातककथांत वाराणसीच्या दंतकारांची स्वतंत्र गल्ली येते, सांचीत विदिशेचे दंतकार एकत्र नाव लावतात. एकट्यादुकट्यानं करायचा हा धंदाच नव्हता. सुळा महाग, तो विकत घ्यायला भांडवल हवं, आणि एका सुळ्यातून बांगडी, फणी, फळी, मूर्ती असं सगळं निघावं तरच तो परवडणार.

मग त्याचं नाव का उरलं नाही? शिल्पकारानं नाव कोरायचंच नाही अशी रीत होती, असं सरसकट म्हणतात. ते खरं नाही. पितळखोऱ्याच्या लेण्यातला एक बुटका, हसरा यक्ष सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर लिहिलं आहे की हा कान्हदास नावाच्या सोनारानं घडवला. सोनार, आणि काम दगडाचं! नवी मुंबईकरांना आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात जावं. कान्हाचा शिष्य बालक यानं हे केलं, असा लेख तिथं आहे. शिष्यानं स्वतःचं नाव लिहिताना गुरूचंही लिहिलं. कार्ल्याला धेनुकाकटाचा सामी नावाचा सुतार दरवाजाच्या कामाशी नाव जोडून बसला आहे. दगडाला जागा होती, आणि दगड देवाधर्माच्या दानाचा होता, म्हणून नावं आली. आरशाची मूठ विकायची वस्तू. ती गिऱ्हाइकाची. तिच्यावर नाव येणार कुठून?

पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी मात्र एक अक्षर आहे. खरोष्ठी लिपीतलं, ‘शि’ असं वाचलं जाणारं. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, गांधाराकडची. म्हणून काहींना वाटतं की मूर्ती महाराष्ट्रातली नसावी. पण नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला त्याच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला आहे. म्हणजे खरोष्ठी अक्षर ओळखणारे लोक त्या शतकात पश्चिम भारतात होते. भडोचच्या बंदरात तर नक्कीच होते. सुटे भाग जोडताना खूण म्हणून अक्षर घालायची पद्धतही होती. ते अक्षर दंतकाराचं, व्यापाऱ्याचं की जोडणाऱ्या सुताराचं, हे त्या एका अक्षरातून ठरत नाही.

मूर्ती समुद्राकडे कशी गेली असेल? पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत भडोचहून निघणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत स्पष्ट आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड, तगरहून सुती कापड, सारं गाड्यांतून. भोगवर्धन याच वाटांच्या जाळ्यात. दुसरी वाट घाट उतरून कल्याणला येणारी. नाणेघाटात जकातीचा म्हणून लोक दाखवतात तो दगडी रांजण आजही आहे. पण पेरिप्लसच्या लेखकानं लिहून ठेवलंय की थोरल्या सातकर्णीच्या काळात कल्याण रीतसर बंदर होतं, आणि आता मात्र तिथं चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात कल्याणची बाजारपेठ अडली होती. म्हणून पाँपेईला गेलेली मूर्ती भडोचमार्गे गेली असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तळाच्या खरोष्ठी अक्षराशीही ते जुळतं.

चांगल्या दिवसांत कल्याणचा माल उल्हास नदीनं ठाण्यापर्यंत येऊन एक तर वसईकडे किंवा ठाण्याच्या खाडीनं दक्षिणेला जाऊ शकत होता. म्हणजे आजच्या ऐरोली, वाशी, बेलापूरच्या समोरून, घारापुरीच्या बाजूनं. घारापुरीच्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची खापरं मिळाली आहेत. त्या बेटाशेजारीच न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, आणि योगायोग असा की जगभरच्या देशांनी आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय घेतला तोही १९८९ मध्येच.

या दंतकारांच्या जगाचा सर्वांत मोठा ठेवा फ्रेंचांच्या हाती लागला, तोही अफगाणिस्तानात. काबूलच्या उत्तरेला बेग्राम इथं जोसेफ आणि रिया आकँ या फ्रेंच दांपत्याच्या पथकानं १९३७ आणि १९३९ मध्ये दोन खोल्या उघडल्या. त्यांचे दरवाजे विटांनी चिणलेले होते. आत रोमन काच, चिनी लाखकाम, आणि एक हजाराहून जास्त हस्तिदंती आणि हाडाचे तुकडे. खुर्च्यांच्या पाठी, पेट्यांच्या फळ्या, मकरावर उभ्या असलेल्या स्त्रियांच्या रूपातले आसनांचे पाय. लाकूड कुजून गेलं होतं, हस्तिदंताचे पापुद्रे मातीत पसरले होते. मातीतून ते उचलणं हेच एक कसब होतं. पाँपेईतली एक मूर्ती आपल्याला दंतकाराचा हात दाखवते. बेग्राममध्ये त्याचं सगळं घरसामान दिसतं. आकँ दांपत्य दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंचांना जाऊन मिळालं आणि १९४१ मध्ये त्यांचं जहाज बुडवलं गेलं. त्यांनी शोधलेला ठेवा पॅरिस आणि काबूलमध्ये वाटला गेला होता. काबूलच्या वाट्यातला बराच भाग पुढच्या यादवीत लुटला गेला. त्यांतल्या वीस वस्तू एका दात्यानं विकत घेऊन परत दिल्या, ब्रिटिश म्युझियमनं त्यांची डागडुजी केली, आणि २०१२ मध्ये त्या काबूलला पोचल्या. तपासणीत त्यांच्यावर रंगांचे अंश मिळाले. आपण हस्तिदंती काम म्हणजे पांढरंशुभ्र समजतो. ते रंगवलेलं होतं. भोगवर्धनची बाईही कदाचित रंगीत असेल.

पश्चिम किनाऱ्याचा आणि हस्तिदंताचा संबंध नंतरही सुटला नाही. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात स्थानिक कारागिरांनी आफ्रिकी हस्तिदंतात बाळ येशू मेंढपाळाच्या रूपात कोरला, गालाला हात लावून डोंगरावर पेंगुळलेला. जुन्या गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात असलं काम पाहता येतं. एकोणिसाव्या शतकात झांझिबारचे सुळे मुंबई बंदरात उतरत आणि निवडून लंडनला जात. तो इतिहास आफ्रिकेतल्या हत्तींच्या संहाराचा आणि सुळे वाहणाऱ्या गुलामांचाही आहे, आणि त्याला स्वतंत्र प्रकरण लागेल. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार थांबला, १९९१ च्या दुरुस्तीनं आफ्रिकीही. हे झालं ते योग्यच झालं. कसब कितीही थोर असलं तरी जिवंत हत्तीपुढं त्याची किंमत लावू नये.

तेव्हा दंतकारांचं नवं काम आता होणार नाही. जुनंच जपायचं आहे, आणि त्यातलं बरंच अजून जमिनीत असणार. तेर आणि भोकरदन ही दोन्ही नांदती गावं आहेत. पाया खणताना, विहीर उपसताना, पावसानं पांढरी धुपली की मणी आणि खापरं वर येतात. लामतुरे यांनी ती उचलून ठेवली म्हणून तेरला आज त्यांच्या नावानं शासकीय संग्रहालय आहे, आणि हस्तिदंताची ती बाई मराठवाड्यातच पाहायला मिळते. कायदाही मदतीला आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं जुनं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हस्तिदंताचा तुकडा मातीत काळपट, हाडासारखा दिसतो, आणि हाड समजून तो सहज टाकला जातो. नीट पाहावं: गुळगुळीत असेल, कोरल्याची रेघ असेल, भोक असेल, तर तो धुऊ नये, घासू नये, उन्हात वाळवू नये. ओलसर मातीसकट तसाच गुंडाळून जवळच्या पुरातत्त्व कार्यालयात द्यावा.